न धुतलेलं पोतं

५ ऑक्टोबर

आजपासून रोज लिहायचं. रोज जमलं नाही तर जमेल तसं. राजधानी वागादुगुच्या बायकांच्या सिनेमा-मंडळाचं पत्र आलं आणि मी अंगणात एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. पाच जणींचे पाच सिनेमे, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. विषय एकच, देशोधडीला लागलेल्या बायका. फेब्रुवारीअखेर वागात मोठा महोत्सव भरतो, तेव्हा एका शाळेच्या अंगणात पडदा लावून ते दाखवणार. सिनेमा जानेवारी संपायच्या आत हातात हवा.

नऊ वर्षं मी या बोबो शहरात लोकांची लग्नं चित्रित करते आहे. नवरी कशी रडते, तिची आत्या कशी खोटं रडते, सगळं मला पाठ झालंय. आता माझा स्वतःचा सिनेमा होणार, तोही आईवर. दहा वर्षांपूर्वी सीमेपलीकडे आबिजानमध्ये दंगली झाल्या, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या वस्त्या मोडल्या, तेव्हा आई तिथून निघाली. मी इथे आजीकडे शिकत होते. एका सकाळी आई बसमधून उतरली. बरोबर दोन पातेली आणि एक पोतं, बस्स. त्या आधी काय झालं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

सिनेमाचं नावही ठरवलं, 'सीमेवरची राख'. आईला सांगितलं. ती कसाव्याचे कंद सोलत होती. म्हणाली, "राख कसली? मी काय चूल घेऊन आले होते?"

मी म्हटलं, "आई, तू निर्वासित आहेस."

"मी किब्सा आहे. ती सुरी दे इकडे."

९ ऑक्टोबर

पहिला दिवस आणि सगळा सत्यानाश.

कॅमेऱ्यावर अब्लावी आहे. मूळची टोगोची. तिथल्या निवडणुकीनंतर तिलाही घर सोडावं लागलं होतं, पण ती ते सांगते तेव्हा ऐकणारा हसून हसून लोळतो. मी तिला म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "काहीच नाही गं. म्हणून तर."

आईने नवं लुगडं काढलं, डोक्याला फडकं बांधलं आणि कॅमेऱ्यासमोर अशी बसली की जणू ओळखपत्राचा फोटो निघतोय. मी विचारलं, "आबिजान सोडलंस त्या दिवशी मनात काय आलं?"

आई म्हणाली, "आतिएके करायचं तर आधी कसावा सोलायचा. मग तो दळायचा, त्यात विरजण घालायचं. एक रात्र आंबू द्यायचा. मग पिळून, रवा पाडून, वाफवायचा." आणि गप्प. चाळीस मिनिटं मी तेच विचारत राहिले आणि चाळीस मिनिटं कसावा आंबत राहिला. शेवटी अब्लावी म्हणाली, "रास्मा, निदान मला रेसिपी तरी मिळाली."

११ ऑक्टोबर

आवाज घ्यायला तोएकाका आले. रेडिओत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, विधुर, ध्वनिमुद्रणात त्यांचा हात कोणी धरणार नाही. माइक त्यांनी फरशी पुसायच्या काठीला बांधलाय. माझ्या डोक्यात एवढंच होतं की स्वस्तात चांगला माणूस मिळाला. हे सामो जमातीचे आहेत आणि आम्ही मोस्सी, हे मी पार विसरले.

दारातून आत पाऊल टाकलं नाही तोच काका ओरडले, "काय गं मोस्सीणी! तुझा मालक आलाय, उठून पाणी देशील की नाही?"

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "आला का कुत्र्याचं मुंडकं खाणारा! आमच्या गल्लीतली कुत्री आजच कुठे पळाली, आता कळलं."

"तुझ्या आजोबाला माझ्या आजोबांनी तीन भुईमुगाच्या शेंगा देऊन विकत घेतलं होतं. दोन शेंगा किडक्या निघाल्या, तरी आम्ही तक्रार केली नाही."

"आणि तुझ्या आजोबाला कोणी फुकटसुद्धा नेलं नाही!"

अब्लावीचा चेहरा पडला. मला बाजूला ओढून म्हणाली, "यांचं भांडण आहे का? मी कॅमेरा बंद करू?" तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. सामो आणि मोस्सी म्हणजे जन्माचे थट्टेचे सोयरे. सामोने काहीही बोलावं, मोस्सीने रागवायचं नाही. मोस्सीने सवाई उलटवावं, सामोने हसायचं. आमच्याकडे मयताच्या घरीसुद्धा सामो येतो, मेलेल्या माणसाची नक्कल करतो आणि रडणारी माणसं पदर तोंडाला लावून हसतात. अब्लावी म्हणाली, "आमच्याकडे याला मारामारी म्हणतात."

१६ ऑक्टोबर

चार दिवस वाया. हे दोघं तोंड मिटतच नाहीत. आई कुठल्यातरी गंभीर गोष्टीवर येते आहे असं वाटलं की काठीमागून काका म्हणतात, "खोटं बोलते ही. मोस्सीला चालता येत नाही, ही बसच्या टपावर सामानात बांधून आली." मग आई उसळून सांगते की टपावर नाही, पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले! आणि काका आवाजात असल्यामुळे तो तुकडा माझ्या काही कामाचा नाही.

आज त्यांना सांगितलं, काका, कॅमेरा चालू असताना तुमचा आवाज नको. बिचारे लगेच गप्प झाले. आईही गप्प झाली. मग पुन्हा कसावा सोलायचा, मग दळायचा.

एक कळत नाही. चित्रीकरण नऊला सुरू होतं आणि काका साडेसहाला हजर असतात. यांच्या घरी चूल नाही का? आई त्यांना लापशी देते आणि वर म्हणते, "खा, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यांची खैर नाही." काल तर मासळी आणली होती. आमच्याकडे मंगळवारी मासळी? मी विचारलं तर म्हणाली, बाजारात ताजी दिसली म्हणून घेतली.

२१ ऑक्टोबर

लिहायला हात धजत नाही. पण ठरवलंय ना खरं लिहायचं, तर लिहिते.

उद्या स्वयंपाकघराचं चित्रण होतं. अब्लावीने चौकट लावून पाहिली. छान उजेड, काळी पातेली, पांढरा कसावा. आणि मधोमध खुंटीवर ते पोतं. आईचं विरजणाचं पोतं. उकडलेला कसावा त्यात तीन दिवस बांधून ठेवतात, तो मऊ पडून आंबला की तेच विरजण. पोतं काळंमिट्ट, कडक, आणि वास असा की नवख्या माणसाने उलट पावली जावं. आई बाजारात गेलेली. मी म्हटलं, दहा वर्षं कोणी याला पाणी लावलेलं नाही, माझ्या सिनेमात हे असं दिसणार? मंडळाच्या कार्यशाळेत एक सर आले होते, ते म्हणाले होते, चौकटीत एकही नकोशी वस्तू ठेवू नका.

साबण घेतला. वर ब्लीचचं पाणी घेतलं. तीनदा धुतलं, दगडावर आपटलं, उन्हात वाळत घातलं. कसं पिवळंधमक निघालं! मी स्वतःवर खूश. अब्लावी एवढंच म्हणाली, "तू आईला विचारलंस ना?" मी म्हटलं, खूशच होईल ती.

आई आली. डोक्यावरचं टोपलं उतरवलं. दोरीवरच्या पोत्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. जवळ गेली, पोतं नाकाला लावलं. मग खाली बसली, जमिनीवर, नवं लुगडं नेसलेली. म्हणाली, "गेलं."

मी म्हटलं, "आई, दुसरं आणू ना. बाजारात ढिगाने मिळतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बत्तीस वर्षांची आहे, पण त्या क्षणी मला सहा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

२५ ऑक्टोबर

आतिएके बिघडलं. गिऱ्हाइकं तोंडावर बोलतात. कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, "किब्सामावशी, आज वाळू वाफवली का?" आईने दुसऱ्या बाईकडून विरजण मागून आणलं, नवं पोतं आणलं, पण रवा चिकट होतो आणि आंबटपणा नुसता जिभेच्या टोकावर राहतो. सगळं बोबो म्हणायचं, आबिजानसारखं आतिएके खायचं तर किब्साकडे जा. आता नाही म्हणत.

आणि सिनेमा बंद. आईने काल सांगितलं, "त्या यंत्रासमोर मी बसणार नाही. तुला माझी गोष्ट हवी होती ना? ती तू धुऊन टाकलीस." मी पायावर डोकं ठेवायचंच बाकी ठेवलं. मी एक लग्नवाली आहे आणि लग्नवालीच राहणार, हे मला आज पुरतं पटलंय.

संध्याकाळी आईचा फोन वाजला. आबिजानचा नंबर. अधूनमधून येतो, आई कधीच उचलत नाही. आजही उशीखाली सरकवला.

२८ ऑक्टोबर

आज जे झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर तोएकाका आडवे. पाठीवर, हातपाय पसरून, पोटावर आमचंच एक पातेलं. आईला कसावा आणायला बाहेर पडायचं होतं.

"ऊठ रे. ओलांडून जाईन."

"जा ओलांडून. पण तुझ्या मुलीला माफ केल्याशिवाय हा सामो इथून हलणार नाही. उन्हाने मेलो तर मढं तुझ्या दारात, आणि मयताला येणारे सगळे सामो महिनाभर तुझ्याकडे जेवतील."

आता यावर मोस्सी काय करणार? थट्टेच्या सोयऱ्याने माफी मागितली की नाही म्हणायचं नसतं. आईने पाच मिनिटं आकाश पाहिलं. मग म्हणाली, "केली. केली माफ. ऊठ, लोक बघतात."

काका उठले नाहीत. पडल्या पडल्या म्हणाले, "एका मळक्या पोत्यासाठी एवढा थयथयाट! तेही मोस्सीचं स्वतःचं नसणारच. कुठूनतरी चोरलेलं असणार."

मी वाट पाहत होते की आता आई कुत्र्यावरून काहीतरी सणसणीत म्हणेल. आई म्हणाली, "हो. चोरलंच."

काकांचं हसू जागच्या जागी राहिलं. आई उंबऱ्याशी, त्यांच्या डोक्याजवळ बसली आणि बोलायला लागली. मला नाही सांगितलं तिने, त्या आडव्या सामोला सांगितलं. मी चुलीजवळ उभी राहून ऐकलं.

आबिजानात तिची एक मैत्रीण होती, ओदेत. तिकडचीच, खाडीकाठची. आतिएके तिनेच आईला शिकवलं. वस्त्या मोडल्या तेव्हा ओदेतने आईला तिच्या कसाव्याच्या खोपटात सहा दिवस लपवलं, पोत्यांच्या थप्पीमागे. बाहेर पोरं फिरत होती आणि परके कोण कोण ते विचारत होती. सहाव्या संध्याकाळी ओदेतचा भाऊ आला. दोघं अंगणात हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलली. आईला त्यातला एकच शब्द कळला, किब्सा. दोनदा.

"मला वाटलं, ही मला त्या पोरांच्या हाती देते आहे," आई म्हणाली. "सहा दिवस जिच्या हातचं खाल्लं तिच्याबद्दल मला असं वाटलं. पहाटे उठले. ओदेत झोपली होती. पातेली उचलायला गेले तर तिचं विरजणाचं पोतं पातेल्यात होतं. एरवी ते खुंटीला असायचं. तिच्या सासूच्या हातचं पोतं ते, तिचं सगळं दुकान त्यावर. मी ते उचललं, पातेल्याभोवती बांधलं आणि निघाले. तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बसच्या अड्ड्यावर पोचले तर ड्रायव्हर म्हणतो, तू किब्सा का? ओदेतच्या भावाने काल सांगून ठेवलंय, या बाईला पुढे तुझ्या शेजारी बसव, वाटेत कोणी विचारलं तर तुझी मावशी म्हण."

आई पुढे म्हणाली, "बस सुटली होती रे. पोतं माझ्या मांडीवर. कशी परत जाणार? आणि ती फोन करते तर उचलून बोलू काय?"

काका अजून आडवेच होते. पातेलं पोटावर वरखाली होत होतं. मग म्हणाले, "मोस्सीणी, चोरीसुद्धा धड करता येत नाही तुला. चोरायचं तर बस चोरायची."

आई हसली. हसता हसता रडली, मग नाक पुसून म्हणाली, "ऊठ आता, कुत्रेखाऊ. लापशी गार होते."

काकांबरोबर आलेल्या अब्लावीने कॅमेरा केव्हा सुरू केला होता देव जाणे. मी मात्र आधी काय म्हणावं? "चौकटीत काकांचे पाय आलेत." अब्लावीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मोरीत गेले आणि तिथे बसून ढसाढसा रडले.

१२ नोव्हेंबर

काकांच्या पाठपुराव्याने आईने फोन केला. आम्ही सगळे आजूबाजूला काहीतरी करत असल्याचं दाखवत उभे. फोन उचलला गेला आणि पलीकडून असा आवाज आला की फोनची गरजच नव्हती. "किब्साऽऽ! जिवंत आहेस होय गं भवाने!"

अर्धा तास. गुडघे, सुना, कसाव्याचे भाव, कोण मेलं, कोणाला जुळं झालं. पोत्याचं अवाक्षर नाही. शेवटी आई चाचरत म्हणाली, "माझं विरजण बिघडलंय. पाठवशील का थोडं?"

"पाठवते कशाला? घेऊनच येते. फेब्रुवारीत मोकळी आहे. तुझी पोरगी सिनेमा करते म्हणालीस ना? तोही बघते."

आईने फोन ठेवला. मला म्हणाली, "ते काढ."

"काय काढू?"

"मी काय बोलले ते. तिने ते पडद्यावर बघायचं?"

४ जानेवारी

सिनेमाच्या तुकड्यांची जोडणी चालली आहे. धूळ एवढी की संगणकावर फडकं टाकून काम करते. आईला सांगितलं, काढला तो भाग. ती निश्चिंत झाली.

काढलेला नाही. माझ्याकडे आता दोन सिनेमे आहेत. एकात उंबरा आहे, काका आहेत, पोतं आहे. मी स्वतः केलंय असं वाटत नाही इतकं चांगलं आहे ते. दुसऱ्यात आतिएके कसं करावं ते आहे. वागाला पहिला पाठवून मोकळी होईन असं मी रोज सकाळी ठरवते. आईला कळेल तेव्हा पडद्यावरच कळेल. आणि मग दोरीवरचं ते पिवळं पोतं दिसतं.

अब्लावीला विचारलं तर म्हणाली, "मला नको विचारू. माझ्या आईने माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही. सीमा ओलांडून पाठवू कसा? तुझी तर स्वयंपाकघरात बसलीय. जा, तिला विचार."

२६ जानेवारी

विचारलं. खोटं बोलले तेही सांगितलं. वाटलं, आता ती सुरी फेकून मारणार.

आई म्हणाली, "पोतं न विचारता धुतलंस. हे विचारलंस. सुधारणा आहे." आणि कसावा किसत राहिली. दिवसभर किसला. इतका किसला की उद्या काय, परवाही पुरेल. काका दुपारी आले, काहीतरी भुईमुगावरून बोलले, तिने उलट उत्तरसुद्धा दिलं नाही, तर ते घाबरून माझ्याकडे आले, "बरं नाही का तिला?"

संध्याकाळी हात धुऊन आली. "राहू दे ते. दहा वर्षं त्याचा वास मला एकटीलाच येतोय."

मग म्हणाली, "पण ते राखबिख नाव बदल. लोक म्हणतील आग लागली होती."

नाव बदललं. तिला सांगितलं नाही, मंडळाला कळवलं.

१९ फेब्रुवारी

ओदेत आली! येऊन आठवडा झाला, लिहायला आज सवड मिळाली. दोन दिवस बसमध्ये बसून, पाय सुजलेले, डोक्यावर पातेलं, पातेल्यात धुरावलेली मासळी आणि प्लास्टिकमध्ये सात वेळा गुंडाळलेलं पोतं. तरी बसमधली माणसं म्हणे तिच्यापासून दोन बाकं लांब बसली होती. बाई अंगाने आडवी आहे, आवाज त्याहून आडवा. आईला तिने मिठी मारली आणि जमिनीवरून उचलली. दोघी एकमेकींचे दंड चाचपत राहिल्या, कोण किती वाळलं बघत.

नंतर ओदेतने अंगणात नजर फिरवली. तोएकाका आईच्या स्टुलावर बसून आईच्याच वाडग्यात लापशी पीत होते. ओदेतने आईला कोपर मारलं. "हा केव्हापासून?" आईने तिला उलट कोपर मारलं. मी सांगितलं, "ऑक्टोबरपासून, ध्वनिमुद्रणाला आहेत." दोघी एवढ्या का हसल्या कळलं नाही. काकाही ठसकले.

पोत्याबद्दल आईने अजून तिला सांगितलेलं नाही. धुतलेलं जुनं पोतं आईने पेटीमागे दडवलंय. ओदेतच्या विरजणाने त्यात दोनदा कसावा बांधून पाहिला, हे मला माहीत आहे, कारण पेटीमागून वास येतो.

२७ फेब्रुवारी, वागा

आज दाखवला. झोप येत नाही म्हणून रात्रीच लिहायला बसले आहे.

शाळेचं अंगण भरलेलं. लाकडी बाकं, पोरंटोरं भिंतीवर, शेंगदाणेवाल्या मधून फिरणाऱ्या. आमच्या पाच जणींपैकी माझा तिसरा. मी मागे उभी. पुढच्या बाकावर डावीकडून काका, आई, ओदेत. आईने सकाळपासून घास खाल्ला नव्हता.

नाव आलं, 'चोरलेलं पोतं'. आईने मान वळवून मला अंधारात शोधलं. सापडले नाही, बरं झालं.

सिनेमाभर ओदेत मोठ्याने बोलत होती. "हे तुझंच घर! पडद्यावर केवढी दिसते ही खुंटी!" मागचे लोक श्श्श करत होते. उंबऱ्यावर काका आडवे दिसले तेव्हा सगळं अंगण हसलं. कोणीतरी ओरडलं, "शाबास सामो, तिथेच मर!" काका उभे राहून चक्क वाकले.

मग पडद्यावरची आई म्हणाली, "हो. चोरलंच." अंगण शांत झालं. ओदेतही. पहिल्यांदाच. पडद्यावरची आई सांगत गेली. खोपट, भाऊ, अंगणातली कुजबुज. बाकावरच्या आईने पदर तोंडावर ओढून घेतला होता. मला पळून जावंसं वाटत होतं. माझ्या सिनेमासाठी मी या दोघींमध्ये हे काय आणून ठेवलं?

"...तिचं विरजणाचं पोतं पातेल्यात होतं," पडद्यावरची आई म्हणाली.

"होतं म्हणजे?" ओदेत ताडकन उभी राहिली. तिची सावली पडद्यावर, आईच्या चेहऱ्यावर पडली. "अगं गाढवे, पोतं काय आपल्या पायाने पातेल्यात गेलं? मी ठेवलं! मीच ठेवलं होतं ते!"

कोणीतरी म्हणालं, खाली बसा. दुसरं कोणीतरी म्हणालं, तुम्ही गप्प बसा, तिला बोलू द्या.

"तू जाणार ते मला कळलं होतं. मी जागी होते. उठले असते तर दोघी रडलो असतो आणि सगळ्या गल्लीने ऐकलं असतं. म्हणून डोळे मिटून पडले. तिकडे जाऊन ही खाणार काय? म्हणून तेवढं पातेल्यात ठेवलं."

आईने पदर काढला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू फोन उचललास कुठे? दहा वर्षं मी काय तुझ्याशी कसाव्याबद्दल बोलायला फोन करत होते? आणि आता बोललो तर पोत्याचं नाव तू काढलंस का?"

मग आईने ओदेतला एक सणसणीत धपाटा घातला, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडायला लागल्या की भिंतीवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग बाकांवरचे लोक. शेंगदाणेवाल्यासुद्धा. माझा सिनेमा मागे चालूच होता, शेवटची सात मिनिटं, ज्यांच्यावर मी तीन आठवडे घालवले होते. एकाही माणसाने ती पाहिली नाही.

मी रागावले होते का? एक मिनिटभर, हो. मग बघितलं तर अब्लावी पडद्याकडे पाठ करून, कॅमेरा खांद्यावर घेऊन, बाकाकडे रोखून उभी. डोळे गळताहेत, हात मात्र स्थिर.

काका जागा सोडून पडद्यापाशी गेले आणि सगळ्यांना म्हणाले, "बघितलंत? मोस्सी दहा वर्षं चोर म्हणून मिरवत होती. चोरीही खोटी निघाली."

९ मार्च, बोबो

आज ओदेत गेली. बस सहाची. काल तिने बजावून ठेवलं होतं, निरोपबिरोप नको, मला रडू येतं, कोणी उठायचं नाही. मी आणि काका सामान अड्ड्यावर पोचवणार, बस्स.

नव्या पोत्याचं आतिएके गेल्या आठवड्यापासून बाजारात आहे. सायकलवाला दोनदा येतो. मी खुंटीच्या आसपास गेले की आई म्हणते, "हात मागे." मी हात मागे बांधून चालते.

पहाटे ओदेतने आपलं पातेलं उचललं आणि थबकली. पातेल्यात आईचं जुनं पोतं होतं, तिच्या सासूचं. ब्लीचने फिकं झालेलं, पण आता नाकाला लागेल इतपत वास धरलेलं. ओदेतने ते छातीशी धरलं, मग पुन्हा पातेल्यात ठेवून झाकण लावलं.

मी खोलीत डोकावले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे गच्च मिटलेले. ओदेत दारात क्षणभर उभी राहिली आणि पाय न वाजवता निघाली.